साउंडबार घेताना : मोठा आवाज की स्पष्ट आवाज?

मे महिन्यातील अमळनेरची संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात आणि पुढचा वेळ लांबच लांब पसरलेला असतो. दुकान वाढवून कर्ती मंडळी एकेक करून बैठकीत येऊन बसतात. दिवसभर तापलेल्या भिंती अजून निवलेल्या नसतात, त्यामुळे खिडकीतला कूलर घरघरत असतो. समोर 43 इंची नवा टीव्ही. चित्र असे स्वच्छ, की प्रवचनकार महाराजसाहेबांच्या हातातल्या पानावरची अक्षरेही वाचता यावीत. तरीही दादीसा दर दोन मिनिटांनी विचारतात, "काय म्हणाले?" नातू रिमोट उचलतो आणि आवाज वीसवरून तीसवर नेतो. मध्येच जाहिरात लागते आणि घर दणाणते. वरच्या मजल्यावरून सूनबाईंचा निरोप येतो, की मुलीचा अभ्यास चालू आहे, आवाज कमी करा. आवाज कमी होतो. दादीसा पुन्हा विचारतात. काही दिवसांनी त्या विचारणे सोडून देतात आणि आपल्या खोलीत जाऊन पडतात.

खानदेशातील अनेक एकत्र कुटुंबांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. मग घरातील कोणी तरुण म्हणतो, "साउंडबार आणू या." सूचना योग्यच असते. पण दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर खरेदी सुरू झाली, की प्रश्न बदलून जातो. घराला हवा असतो स्पष्ट आवाज. बाजार विकतो मोठा आवाज. या दोहोंतील फरक ओळखला, तर सात-आठ हजारांत घरचे काम होऊ शकते; न ओळखल्यास पंचवीस हजार खर्चूनही दादीसांचा प्रश्न तसाच राहतो.

पातळ टीव्ही, दुबळा आवाज

चाळीस वर्षांपूर्वीचा रेडिओ किंवा पेटीसारखा जुना टीव्ही आठवून पाहावा. त्यांच्या खोक्यात हवेला जागा होती आणि बहुतेकांचा स्पीकर ऐकणाऱ्याच्या दिशेने तोंड करून बसवलेला असे. आजचा टीव्ही बोट-दोन बोटे जाडीचा. त्यात मावणारे स्पीकर लहान असतात आणि पडद्याभोवतीची चौकट बारीक ठेवण्यासाठी ते बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूस वळवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आदळतो आणि मग कानाकडे येतो. बैठकीत शहाबादी किंवा चकचकीत टाइलची फरशी, उघड्या भिंती आणि काचेची कपाटे असली, तर त्याचे पडसाद एकमेकांत मिसळतात व शब्द पुसट होतात.

बोलण्यात स्वरांचा वाटा आवाजाच्या जोराचा आणि व्यंजनांचा वाटा अर्थाचा असतो. स, श, च, त, थ, फ यांसारखे ध्वनी मुळातच नाजूक; त्यांची ओळख पटवणारा भाग साधारणपणे 2,000 हर्ट्झच्या पुढे असतो. वय वाढते तसे कानाची शक्ती प्रथम याच वरच्या पट्टीत कमी होते. म्हणून वडीलधारी माणसे "ऐकू येते, पण कळत नाही" असे सांगतात. ही तक्रार अक्षरशः खरी असते. "सात" म्हणाले की "साठ", हे ज्या ध्वनीवर ठरते, तोच ध्वनी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यातच कूलरचा एकसुरी आवाज भर घालतो आणि उरलीसुरली व्यंजने झाकून टाकतो. अशा वेळी सगळाच आवाज वाढवला, की स्वर आणि पार्श्वसंगीत कर्कश होते, शब्द मात्र मागेच राहतात.

साउंडबार येथेच उपयोगी पडतो. तो टीव्हीच्या खाली, ऐकणाऱ्याकडे तोंड करून बसतो. त्याचे स्पीकर मोठे असतात आणि त्यांना पुरेशी पोकळी मिळालेली असते. एवढ्या साध्या कारणानेच बऱ्यापैकी घडणीचा स्वस्त साउंडबारदेखील टीव्हीच्या अंगच्या आवाजापेक्षा सरस ठरतो.

वॅटचा आकडा आणि भांडवलाचा आकडा

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो वॅटचा आकडा. व्यापारी वाचकाला त्याची गंमत चटकन समजेल. कंपनीच्या कागदपत्रांत अधिकृत भांडवल वेगळे असते आणि वसूल भांडवल वेगळे. पहिला आकडा कमाल मर्यादेचा. दुसरा प्रत्यक्ष आलेल्या पैशाचा. आवाजाच्या बाजारातही तसेच आहे. 'पीएमपीओ' किंवा 'पीक' या नावाने दाखवलेली शक्ती क्षणभराची, कधी कधी केवळ कागदावरची असते. सलग देता येणारी शक्ती 'आरएमएस' या नावाने लिहिली जाते. तुलना करायची तर ती आरएमएसचीच करावी आणि तो आकडा दिलेलाच नसेल, तर त्यातूनही जे समजायचे ते समजावे.

1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाचा उद्योग म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे विप्रो या नावाने जगभर गेलेल्या कंपनीचे समभाग या गावातील कित्येक घरांनी वर्षानुवर्षे जपून ठेवले. जाहिरातीपलीकडचा आकडा वाचण्याची सवय या गावाला नवी नाही. तीच सवय येथे वापरायची आहे.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. शक्ती दुप्पट केली, म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ 3 डेसिबलने वाढतो आणि कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट शक्ती लागते. तेव्हा 80 वॅटऐवजी 160 वॅटचे यंत्र घेण्यासाठी चार हजार रुपये अधिक मोजावेत, असे त्या आकड्यात काही नाही. दहा बाय बाराच्या बैठकीत बोलणे नीट ऐकू येण्यासाठी प्रत्यक्षात मोजकेच वॅट खर्च होतात.

2.0, 2.1, 3.1, 5.1 म्हणजे काय?

टिंबाच्या आधीचा आकडा आवाजाच्या वाहिन्यांचा असतो आणि नंतरचा आकडा 'सबवूफर'चा, म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या वेगळ्या खोक्याचा. 2.0 म्हणजे डावी व उजवी वाहिनी, खर्जाचा डबा नाही. 2.1 मध्ये तो डबा आला. 3.1 मध्ये डाव्या-उजव्यांच्या मधोमध तिसरी वाहिनी येते. चित्रपट व मालिकांच्या बहुवाहिनी ध्वनिमुद्रणात संवाद प्रामुख्याने याच मधल्या वाहिनीवर असतात. त्यामुळे ती स्वतंत्र असली, की संगीत व गोंगाट न वाढवता केवळ बोलणे पुढे आणता येते. ज्या घरात वडीलधाऱ्यांना शब्द कळत नाहीत हीच मूळ तक्रार आहे, तेथे परवडत असल्यास 3.1 ला प्राधान्य द्यावे. तेवढी ऐपत नसेल, तर 2.0 किंवा 2.1 मध्ये 'डायलॉग', 'व्हॉइस' किंवा 'न्यूज' असा पर्याय आहे का, ते पाहावे. त्या बटणाने बोलण्याची पट्टी उचलली जाते आणि अनेकदा तेवढ्याने काम भागते.

5.1 मध्ये मागे ठेवायचे दोन स्पीकर अपेक्षित असतात. मागचे स्पीकर न देता केवळ पुढच्या पट्टीतून तसा भास निर्माण करणाऱ्या यंत्रावर 'व्हर्च्युअल' किंवा 'सराउंड' असे शब्द असतात. तो भास आहे, हे समजून घ्यावे. खरे मागचे स्पीकर घेतले, तरी बैठकीत त्यांच्या तारा कोठून न्यायच्या आणि गादी-तक्के मागच्या भिंतीला टेकलेले असतील तर ते ठेवायचे कोठे, याचा विचार पैसे देण्यापूर्वी व्हावा.

2012 पासून चित्रपटगृहांत आलेले 'डॉल्बी अॅटमॉस' हे तंत्र आता घरगुती साउंडबारवरही झळकते. त्यातील काही यंत्रे आवाज छताकडे फेकतात आणि तो परतून वरून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी सपाट व फार उंच नसलेले छत लागते. जुन्या वाड्यातील सागवानी तुळयांचे माळवद किंवा उतरत्या पत्र्याचे छत असेल, तर तो परिणाम मिळणे अवघड. अशा घराने त्या नावासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आधी टीव्हीची पाठ पाहावी

खरेदीला निघण्यापूर्वी टीव्हीच्या मागील बाजूचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा. निम्म्या अडचणी तेथेच सुटतात. एचडीएमआयच्या एखाद्या खाचेजवळ 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' ही अक्षरे असतील, तर जोडणी त्याच मार्गाने करावी. या एका तारेतून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलवरून पाठवलेले चित्र या सर्वांचा आवाज साउंडबारकडे जातो आणि बहुधा टीव्हीच्याच रिमोटने तो कमी-जास्त करता येतो. वडीलधाऱ्यांच्या हाती एकच रिमोट राहणे ही लहान सोय नव्हे. दोन रिमोटांच्या घोळात महागडा साउंडबार महिन्याभरात बंद पडून राहिल्याची उदाहरणे घरोघर सापडतात.

एआरसी नसेल, तर ऑप्टिकल तार वापरता येते. तिने आवाज उत्तम जातो. मात्र आवाज कमी-जास्त करण्यासाठी साउंडबारचा रिमोट वेगळा लागतो. फार जुन्या टीव्हीला ऑक्स किंवा हेडफोनच्या खाचेचा आधार घ्यावा लागेल. ब्लूटूथने टीव्ही जोडणे दिसायला सुटसुटीत, पण त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ चुकतो. ज्यांना शब्द कळण्यासाठी ओठांकडे पाहण्याचीही मदत होते, त्या ज्येष्ठांना हे फारच त्रासदायक. ब्लूटूथ मोबाइलवरील गाण्यांसाठी राखून ठेवावे आणि टीव्हीला तार जोडावी.

तार जोडूनही आवाजच येत नसेल, तर यंत्र बिघडले असे लगेच समजू नये. टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत जाऊन ध्वनीचा प्रकार 'पीसीएम' करावा. काही स्वस्त साउंडबारना डॉल्बी स्वरूपातील आवाज उलगडता येत नाही. पीसीएम केल्यावर ते बोलू लागतात.

संगीत ऐकणाऱ्यांसाठी

ज्या घरात टीव्हीपेक्षा गाणी अधिक ऐकली जातात, तेथे निवड थोडी निराळी. साउंडबारमधील डावे-उजवे स्पीकर एकाच पट्टीत जवळजवळ असल्याने संगीताचा विस्तार मर्यादित राहतो. तेवढ्याच पैशांत मिळणारी, फळीवर दूर-दूर ठेवता येणाऱ्या दोन स्पीकरांची जोडी संगीताला सहसा अधिक न्याय देते. दोन्ही कामे एकाच यंत्राकडून हवी असतील, तर 2.1 हा समतोल पर्याय आहे. डग्ग्याची घुमक किंवा तानपुऱ्याचा खर्ज लहान पट्टीतून पूर्ण येत नाही. वेगळ्या सबवूफरने ती उणीव भरून निघते.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला, की खर्ज फुगतो. काहींना प्रथम ते आवडते. पण त्याने शब्द झाकोळतात आणि पेठेतील लागून असलेल्या भिंतींतून तो घुमारा शेजाऱ्यांकडे जातो. तो टीव्हीच्या जवळ, भिंतीपासून थोडा दूर ठेवावा आणि त्याची पातळी निम्म्याच्या खाली ठेवून सुरुवात करावी. बैठकीत जाड पडदे, सतरंजी, गादी-तक्के असतील, तर पडसाद आपोआप शोषले जातात. पेढीवरची जुनी गादी-लोडाची बैठक आवाजाच्या दृष्टीने आजच्या चकचकीत दिवाणखान्यापेक्षा शहाणी होती, असे म्हणायला हरकत नाही.

दुकानातील कसोटी

दुकानदार साहजिकच धडाकेबाज चित्रपटाचा प्रसंग लावून दाखवतो. त्यात कोणतेही यंत्र भारदस्तच वाटते. त्याऐवजी चार गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, बातम्या किंवा प्रवचन हळू आवाजात लावून बैठकीत जेवढ्या अंतरावर बसतो तेवढ्या अंतरावरून ऐकावे. पंखा चालू असू द्यावा. दुसरी, कानात पक्के बसलेले एखादे भावगीत किंवा स्तवन मोबाइलवरून लावावे. जे गाणे शेकडो वेळा ऐकले आहे, त्यातील उणीव कान लगेच पकडतो. तिसरी, आवाज पाऊण पातळीपर्यंत नेऊन तो फाटतो का, डबा थरथरतो का ते पाहावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांच्यासाठी खरेदी आहे त्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे. त्यांना विचारावयाचा प्रश्न "आवाज चांगला आहे का?" असा नसावा; "आता तो काय म्हणाला?" असा असावा.

अमळनेरात हवे ते यंत्र ऐकायला न मिळाल्यास धुळे किंवा जळगाव फार दूर नाही. केवळ चांदण्यांची संख्या पाहून ऑनलाइन मागवायचे असेल, तर परत घेण्याची अट आधी वाचावी. वस्तू परत घेणार की केवळ बदलून देणार, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

किंमत, हप्ता आणि बिल

आजच्या बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या दिसतात. तीन ते पाच हजारांत लहान 2.0 पट्ट्या मिळतात. 32 इंची टीव्ही व लहान खोलीसाठी त्या पुरतात. पाच ते दहा हजारांत सबवूफरसह 2.1, मध्यमवर्गीय बैठकीसाठी हीच पायरी बहुतेकांना मानवते. दहा ते वीस हजारांत 3.1 किंवा मागच्या स्पीकरांसह 5.1 मिळू लागतात. बोट, झेब्रॉनिक्स, मिवी यांसारख्या भारतीय नाममुद्रा पहिल्या दोन पायऱ्यांवर अधिक दिसतात; सोनी, सॅमसंग, एलजी, जेबीएल यांची यंत्रे पुढच्या पायऱ्यांवर. नाव कोणतेही असो, कंपनीच्या संकेतस्थळावर 425401 हा अमळनेरचा पिनकोड घालून जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे ते तपासावे. दुरुस्तीसाठी यंत्र घेऊन नाशिकला जावे लागणार असेल, तर किमतीतली पाचशेची बचत एका फेरीत संपते.

'विनाव्याज हप्ता' या शब्दांनी भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. समजा, एक साउंडबार रोखीने 8,500 रुपयांना मिळतो आणि हप्त्याने 1,500 रुपयांचे सहा हप्ते, म्हणजे 9,000 रुपये पडतात. फरक पाचशेचाच वाटतो. पण मुद्दल दरमहा फिटत जाते, हे धरून दर काढला, तर तो वार्षिक जवळजवळ 20 टक्के भरतो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते आणखी वेगळे.

व्यापारी घरांसाठी एक सूचना. बैठकीतला साउंडबार दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन कराचा परतावा जमा करण्याचा मोह टाळावा. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरील कराची वजावट केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5) नुसार मिळत नाही. बिल घरच्या नावानेच घ्यावे, पण पक्के घ्यावे. हमीसाठी ते लागते. तक्रार उद्भवल्यास 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही.

विजेची चिंता फारशी नको. सरासरी 30 वॅट धरले आणि यंत्र रोज चार तास चालले, तर महिन्याचा खर्च चार युनिटांच्या आत राहतो. मात्र दाब कमी-जास्त होत असेल, तर टीव्ही व साउंडबार संरक्षक एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत.

यंत्राआधी कान

या साऱ्या विचारात एक गोष्ट मागे पडू नये. वडीलधाऱ्यांना टीव्हीच नव्हे, तर समोरासमोरचे बोलणेही कळेनासे झाले असेल, फोनवर ते पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर साउंडबार घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी कानात साचलेला मळच कारण ठरतो. कधी श्रवणयंत्राची गरज असते. आजची अनेक श्रवणयंत्रे टीव्हीचा आवाज थेट कानात घेऊ शकतात. घरात एकाच व्यक्तीला कमी ऐकू येत असेल, तर तिच्यासाठी टीव्हीला जोडायचे बिनतारी हेडफोन हा स्वस्त उपाय आहे. पण हेडफोन लावून बसलेले माणूस घरच्यांच्या गप्पांतून बाजूला पडते, हेही ध्यानात घ्यावे.

आवाजाची दुसरी बाजू शेजाऱ्यांची. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात 45 डेसिबल आहे. साउंडबारवर 'नाइट' असा पर्याय असल्यास रात्री तो सुरू करावा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणे वर येते. जाहिरातींचा दणकाही त्याने बराच कमी होतो.

अमळनेरातल्या त्या बैठकीत साउंडबार आला आणि नीट बसवला गेला, तर टीव्हीचा आकडा तीसवर न्यावा लागणार नाही. कूलर चालूच राहील, वरच्या मजल्यावर मुलीचा अभ्यासही चालू राहील. महाराजसाहेबांचे वाक्य संपताच दादीसा मान डोलावतील, आणि कदाचित नातवालाच विचारतील, "समजलं का रे, काय म्हणाले ते?" खरेदी योग्य झाली की नाही, याचा ताळेबंद त्या दिवशी मांडावा.